तिसऱ्या तडाख्याची कप्पी

एका राज्यात समुद्र दर अमावास्येला वीतभर वर चढे आणि पुन्हा खाली उतरत नसे. मणिधर राजाच्या आज्याने काळवात मांत्रिकाचा मोती चोरला होता, त्याचा हा शाप. बंदर बुडाले, बाजार बुडाला, पाणी देवळाच्या पायऱ्यांना लागले. मोती मांत्रिकाच्या खडकावर परत ठेवला की शाप सुटणार होता. पण खडकाभोवती मांत्रिकाचा वारा पहारा करी. सहा गलबते गेली, सहाही फुटली; मोती तेवढा दर वेळी लाटांबरोबर किनाऱ्यावर परत येई.

त्या राज्यात चिमाबाई नावाची सुतारीण होती. शिडाचे दोर ज्यांवरून फिरतात, त्या लाकडी कप्प्या ती घडवी. सहाव्या गलबताच्या कप्प्या तिच्याच हातच्या होत्या, आणि त्याच गलबतावर तिचा धाकटा भाऊ रायाजी गेला होता. तेव्हापासून तिने पटाशीला हात लावला नव्हता.

राजाने तिला बोलावले. म्हणाला, "बाई, सातवे गलबत उभे आहे. कप्प्या तू द्यायच्या."

"महाराज, मी पटाशी ठेवून दिली आहे."

"ती पुन्हा धर. मोठ्यात मोठ्या घड, म्हणजे मोडायच्या नाहीत."

चिमाबाई किनाऱ्यावर आली. पाण्यातून डोके काढलेल्या एका खांबावर फाटक्या पंखांचा कुरव पक्षी बसला होता. तो माणसाच्या वाणीने बोलला, "सुतारणी, सहाव्या गलबताच्या डोलकाठीवर मी होतो. वारा तीन तडाखे देतो."

तिने विचारले, "पहिल्याला काय झाले?"

"डोलकाठीच्या टोकाला दोर अंगठ्याएवढा जाड आणि कप्पीचे चाक इवलेसे. इतक्या लहान चाकावर वाकता वाकता दोराचे पीळ उसवले."

"आणि दुसऱ्याला?"

"शिडाच्या आडव्या काठीला उलटे झाले. कप्पी थोर, दोर बारीक. तो चाकावरून घसरला, चाकाच्या आणि लाकडाच्या फटीत रुतला. शीड ना वर जाई, ना खाली येई."

"तिसऱ्याला?"

"तिसऱ्याला मी डोळे मिटले," पक्षी म्हणाला आणि उडून गेला.

चिमाबाई घरी आली, दार लावून रडली आणि मग पटाशी उचलली. पहिल्या कप्पीला तिने वीतभर रुंद चाक केले, दोर अलगद वळेल असे. दुसरीची खाच बारीक दोर ओवून ओवून अशी कोरली, की फटीत नखही शिरू नये. तिसरी कप्पी गलबताच्या मागच्या खुंट्याची. शिडाकडून आलेला दोर तिथे उलटा वळून खलाशांच्या हाती जाई. त्या जागेसाठी तिने एक हलकी घडवली, पण भीती जाईना. म्हणून शिसवी लाकडाची, दुप्पट जड अशी दुसरीही घडवली.

गलबत हाकणाऱ्या हिराजी तांडेलाने दोन्ही तोलून पाहिल्या. "चिमाबाय, दोर तर एकच. त्याला ही हलकी पुरे. उगा वजन कशाला?"

हलकी बांधली गेली. जड कप्पी पदराखाली घेऊन ती स्वतःच गलबतात चढली.

भर दुपारी खडक दिसला, आणि सूर्य असूनही उजेड गेला. पहिला तडाखा आला. डोलकाठी धनुष्यासारखी वाकली, वरचा दोर रुंद चाकावर फिरत राहिला. दुसऱ्या तडाख्यात माणसांच्या नावाने हाका आल्या. त्यांत रायाजीचा आवाज होता, "ताई, परत फीर!" चिमाबाईने कान दाबून धरले. बारीक दोर खाचेत सुरळीत पळाला आणि शीड वळले.

मग सगळे आवाज थांबले, शीड मात्र फुगतच राहिले. ती शांतता तडाख्याहून भयंकर होती. त्या शांततेत मागची कप्पी करकरली.

चिमाबाईने पाहिले आणि तिला कळले. दोराच्या एका टोकाला वारा ओढत होता, दुसऱ्याला सात खलाशी तितकेच ओढत होते. दोर एकच, पण दोन्हींकडचा भार मधल्या कप्पीवर. दुप्पट!

ती ओरडली, "तांडेलदादा, कप्पीच्या पलीकडे, शिडाच्या बाजूने दोर धरा! ही फुटणार!"

"हात सोलतील, बाय!"

"सोलू द्या!"

सातांनी दोर धरला. तळव्यांचे रक्त दोरावरून वाहू लागले. चिमाबाईने हलकी कप्पी कापून फेकली, ती पाण्यात पडण्याआधीच दुभंगली. जड कप्पी खुंट्याला बांधताना तिची बोटे ऐकेनात, म्हणून तिने गाठ दातांनी आवळली. दोर ओवला. तेवढ्यात तिसरा तडाखा बसला. खुंटा कण्हला, फळ्या कण्हल्या. कप्पी मात्र फिरली, आणि गलबत खडकाला लागले.

खडकावर काळवात बसला होता. त्याने हात पसरला. चिमाबाईने तांडेलाकडचा मोती त्याच्या तळव्यावर ठेवला आणि विचारले, "माझा भाऊ?"

"शाप सुटतो, बाई. बुडालेला सुटत नाही," तो म्हणाला आणि धुके होऊन विरून गेला.

समुद्र उतरला. बाजाराच्या ओट्यांवर शेवाळ सुकले, बंदरात शिडे उभी राहिली. राजाने चिमाबाईला गाव इनाम देऊ केले. ती म्हणाली, "गाव नको, महाराज. हुकूम द्या. दोर ओवून आणि दोन्ही बाजूंनी ओढून पाहिल्याशिवाय एकही कप्पी गलबतावर चढू नये."

राजाने हुकूम दिला. त्या बंदरातून गेलेले माणूस त्यानंतर घरी जेवायला येऊ लागले. ज्याची वाट तुम्ही पाहता, तेही तसेच येवो.