नववी पायरी

दगडांना वाचा होती, तेव्हाची गोष्ट. डोंगरातल्या एका गावाचं सगळं धान्य एकाच कोठारात असे. त्या कोठाराच्या जिन्याची नववी पायरी इतरांपेक्षा चार बोटं उंच होती. ती बसवताना पाथरवटाने तिला बजावलं होतं, "गावातला पाय इथे आपोआप उंच उचलला जाईल, परका अडखळेल. पण हे बाहेर फुटलं, की तू नुसता धोंडा."

बाकीच्या पायऱ्या तिला हिणवत, "पाथरवटाचा हात चुकला!" नववी गप्प राही.

मग परगावाहून नवे कोठारदार आले, रखमाजी. पहिल्याच फेरीत ते नववीला ठेचकाळले. "उद्या हिला तासून टाका!" ते कडाडले.

"काही कारण असेल तर सांगून टाक गं," आठवी कळवळली. नववीने तोंड उघडलं नाही.

दुसऱ्या दिवशी छिन्नी दारात आली. तेवढ्यात गावच्या हमालांसारखीच मुंडाशी बांधलेले तिघे जिना चढू लागले. रखमाजींनी त्यांना "या" म्हटलंही. पण पुढचा नववीवर धाडकन आपटला आणि त्याच्या कमरेचा सुरा खणखणत खाली गेला. आरोळी उठली, गाव धावून आला, तिघेही पकडले गेले.

रखमाजींनी खाली पडलेल्या सुऱ्याकडे पाहिलं, मग नववीकडे. "राहू दे," ते छिन्नीवाल्याला म्हणाले, "चार बोटांसाठी कशाला हत्यार झिजवायचं?" आणि पाय उंच उचलून वर गेले.

आठवीने हळूच विचारलं, "तुला मुद्दामच उंच केलंय ना गं?"

"छे," नववी म्हणाली, "पाथरवटाचा हात चुकला."