राजाचा दोर आणि विहिरीचे दोर

पूर्वी मेखला नदीच्या काठी शृंगपूर नावाचे नगर होते आणि तेथे रत्नध्वज राजा राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्व दोर वळणाऱ्यांच्या कुळात जन्माला आला होता. त्याचे नाव गुणपाल. त्याची बायको वारली होती. तिचा धाकटा भाऊ नंदिक मात्र त्याच्याच घरी राहून त्याच्या हाताखाली काम करीत असे.

गुणपालाचा एक नेम होता. सकाळी तो मागणीचे काम करी. कोणाला हत्ती बांधायला जाड दोर लागे, कोणाला झोपाळ्यासाठी रंगीत. दुपारनंतर मात्र तो कोणीच न सांगितलेले दोर वळी. विहिरीवर पाणी शेंदायचे, गुरे बांधायचे, ओझी आवळायचे ते साधे दोर भिंतीवर टांगलेले असत. ज्याला लागेल तो येऊन घेऊन जाई.

एके दिवशी राजाचा प्रधान स्वतः त्याच्या दाराशी आला. कौमुदी उत्सवात राजा साठ हात उंच ध्वजस्तंभ उभारणार होता. त्यासाठी तीनशे हात लांब, मनगटाएवढा जाड आणि मध्ये एकही गाठ नसलेला दोर हवा होता. त्याचे तीन पेड पांढरा, केशरी आणि तांबडा असे तीन रंगांचे हवे होते. मुदत एक महिन्याची.

प्रधानाची पाठ वळते न वळते तोच नंदिकाने उडी मारली. "दाजी, राजाचं काम आपल्या घरी! आता दिवसभर हेच करू. विहिरीचे दोर महिनाभर नाही वळले तर कोणाचं काय अडतंय?"

"अडतं तेव्हाच कळतं," गुणपाल हसून म्हणाला. "राजाला दोर कधी लागणार, ते महिनाभर आधी ठाऊक आहे. ज्या बाईचा दोर पाणी शेंदता शेंदता तुटतो, तिला ते आधी ठाऊक नसतं. सकाळ राजाची, दुपार तिची."

नंदिक कुरकुरला, पण सकाळ झाली की त्याच्याइतक्या उत्साहाने कोणी कामाला लागत नसे. दोघे अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पीळ देत मागे मागे चालत. तिन्ही रंग एकमेकांत मिसळू लागले तेव्हा गल्लीतली माणसे हातातली कामे टाकून बघायला आली. उत्सवाला चार दिवस उरले असताना दोर पुरा झाला. नंदिकाने त्याचे वेटोळे घालून त्यावर धूत वस्त्र पांघरले. कोणी बोट लावले तरी तो ओरडे.

त्याच दिवशी दुपारी वणिका नावाची मासे धरणारी बाई धावत आली. तिला धाप लागली होती.

"गुणपालदादा, नदी फुगलीय! वर डोंगरात पाऊस झाला असणार. बेटावर गवत कापायला गेलेली साठ माणसं अडकलीत. नाव फुटली. दोर द्या, असतील तेवढे द्या!"

गुणपालाने भिंतीवरचे सगळे दोर खाली ओढले. शंभराच्या वर होते. शेजारीपाजारी आले, ज्याला जेवढे उचलवले तेवढे त्याने खांद्यावर घेतले आणि सगळे नदीकडे पळत सुटले.

पाणी तांबडे झाले होते. बेटावर माणसे एकमेकांना धरून उभी होती. वणिकाने कमरेला एक हलका दोर बांधला आणि पाण्यात झेप घेतली. ती दोनदा दिसेनाशी झाली. तिसऱ्यांदा तिचे डोके बेटाजवळ वर आले तेव्हा काठावर एकच आरोळी उठली. काठावरच्यांनी गाठी मारून जोडलेला लांब दोर बेटावरच्यांनी तिने आणलेल्या हलक्या दोराने ओढून घेतला आणि झाडाला बांधला. पहिला माणूस त्याला धरून पाण्यात उतरणार, इतक्यात वाहत आलेला एक ओंडका दोरावर आदळला. दोर गाठीपाशी तुटला. हलका दोर तेवढा शाबूत राहिला.

"बिनगाठीचा जाड दोर पाहिजे," गुणपाल म्हणाला आणि त्याने नंदिकाकडे पाहिले.

नंदिक मागे सरला. "दाजी, तो राजाचा आहे. राजा आपले हात तोडील."

"माझे तोडील. दोर मी देतोय."

पाणी बेटावरच्यांच्या गुडघ्याला लागले होते. एका बाईने आपले मूल डोक्यावर धरले होते. नंदिकाने तिकडे एकदा पाहिले आणि तो घराकडे धावला. परत आला तेव्हा आठ माणसांसह तिरंगी दोराचे वेटोळे त्याच्याही खांद्यावर होते आणि सर्वांत मोठ्याने तोच ओरडत होता, "बाजूला व्हा! वाट द्या!"

बेटावरच्यांनी शाबूत राहिलेल्या हलक्या दोराने जाड दोर आणि त्याच्यासोबत साधे दोर ओढून घेतले, आणि जाड दोर नदीवर ताणला गेला. बेटावर पाठवलेल्या साध्या दोरांपैकी एकेक प्रत्येकाच्या कमरेला बांधला आणि त्याचा फास जाड दोरात अडकवला. हात सुटला तरी माणूस वाहून जाऊ नये, अशी ती युक्ती होती. एकामागून एक माणसे काठाला लागू लागली. काठावरचे लोक मोठ्याने मोजत होते. साठावी म्हणून वणिका बाहेर आली, पण ती मोजदादीत नव्हतीच. एक म्हातारा अजून तिकडे होता. तोही आला, तेव्हा लोक रडत रडत नाचू लागले.

गुणपाल तसाच चिखलाने माखलेला राजसभेत गेला.

"महाराज, तुमचा दोर मी वापरला. त्याचे रंग गेले, तीन जागी तो घासला आहे. चार दिवसांत दुसरा होणार नाही, आणि होईल असं मी खोटं सांगणार नाही. दिलेला शब्द मोडला, त्याची शिक्षा द्या."

राजाने विचारले, "मला आधी का नाही विचारलंस?"

"विचारायला आलो असतो, तर परत जाईपर्यंत विचारण्यासारखं काही उरलं नसतं."

राजा सिंहासनावरून उठला आणि थेट नदीवर गेला. त्याने मळका दोर हातांनी चाचपून पाहिला, बेटावरून आलेल्या माणसांशी तो बोलला. उत्सवाच्या दिवशी त्याच दोराने स्तंभ उभारायचा, असा त्याने हुकूम केला. घासलेल्या जागी वाखाचे नवे धागे गुंफले. दोर ओढायला बेटावरची साठही माणसे पुढे आली. स्तंभ उभा राहिला तेव्हा नगर दुमदुमून गेले.

मग राजा म्हणाला, "गुणपाला, आजपासून तू फक्त माझ्यासाठी दोर वळ. वाडा देतो, गाव देतो."

बोधिसत्त्व हात जोडून म्हणाला, "महाराज, सकाळ आपली. दुपार मात्र ज्याचं नाव मला अजून ठाऊक नाही, त्याची आहे. ती मला विकता येत नाही."

राजाने त्याला वाडा दिला नाही. त्याऐवजी लोक जिथून नदी ओलांडत त्या प्रत्येक उतारावर एक छपरी बांधून तिच्यात दोर टांगून ठेवण्याची व्यवस्था केली. त्या कामावर नंदिकाला नेमले.

ही कथा शास्त्याने, म्हणजे भगवान बुद्धांनी, विहारातील धम्मिल नावाच्या भिक्खूसाठी सांगितली. तो स्थविरांच्या, म्हणजे ज्येष्ठ भिक्खूंच्या, मापाची सुंदर चीवरे शिवण्यात असा गढून जाई की दूरदेशाहून भिजत आलेल्या पाहुण्याला द्यायला एकही चीवर उरत नसे. कथा सांगून शास्ता म्हणाले, "धम्मिला, तेव्हाचा नंदिक तूच होतास. राजा म्हणजे आज ज्याच्या अंगावर तू शिवलेले चीवर आहे तो स्थविर सुदर्श, वणिका म्हणजे उपासिका रोहिता, आणि दोर वळणारा गुणपाल मीच होतो. बोलावून आलेल्याला आणि न बोलावता आलेल्याला सारख्याच मनाने पाहणे, यालाच उपेक्षा पारमिता म्हणतात; ही उपेक्षा म्हणजे दुर्लक्ष नव्हे, समभावाची पूर्णता."

धम्मिलाने मान लवविली, सुई घेतली आणि कोणाचेही माप न घेता कापड बेतायला सुरुवात केली.