विडे तबकातच राहिले

मोहिमेवर गेलेल्या शिपायाच्या नव्या नवरीचा, साळूचा, किल्लेदार मानाजीरावांनी बळजबरीनं हात धरला. भरल्या दरबारात तिची फिर्याद ऐकून राजे म्हणाले, “पोरी, यांनी तीनदा गड राखलाय. खासगी वागण्यावरून असा माणूस काढायचा होय?”

मानाजीरावांनी मिशीला पीळ दिला.

“नका काढू, महाराज,” साळू म्हणाली. “फक्त उद्याच्या मोहिमेचे विडे आत्ताच मांडा. बायकोला यांच्या गडावर ठेवून जायला जो तयार असेल, त्यानं उचलावा.”

विडे मांडले. एकही शिपाई पुढं येईना. मानाजीरावांनी मोठ्या आशेनं आपल्या मुलाकडं पाहिलं. त्याचं लग्न होऊन महिनाच झाला होता. तो मान खाली घालून उभा होता.

मानाजीरावांचे कान तापले. त्यांनी कमरेला लावलेल्या गडाच्या किल्ल्या सोडल्या आणि कुणाकडं न बघता तबकात, विड्यांशेजारी ठेवल्या.