वेशीबाहेरची विहीर

पूर्वी चंपा नगरीत अरिंदम राजाचे राज्य होते, तेव्हा बोधिसत्त्वाने एका धान्यव्यापाऱ्याच्या घरी जन्म घेतला. त्याचे नाव भद्रक. वेशीबाहेर झाडलोट करणाऱ्यांची आणि स्मशानात राबणाऱ्यांची वस्ती होती. त्यांनी तिथल्या विहिरीच्या दोराला हात लावायचा नाही, नगरातल्या कोणी वरून ओतले तरच पाणी घ्यायचे, अशी रीत होती. जवळ दुसरे पाणी नव्हते. आणि ओतायला येणार कोण? जो तो आपल्याच पोळीवर तूप ओढण्यात गुंग! भद्रक मात्र रोज सकाळी येई, त्यांच्या घागरी भरून देई. त्यांची गाऱ्हाणीही तोच राजसभेत मांडी. वस्तीचा त्याच्यावर फार जीव होता, आणि खरे सांगायचे तर त्यालाही ते गोड वाटे.

एकदा भद्रक तापाने अंथरुणाला खिळला. जरा उतार पडताच तो धडपडत विहिरीवर आला. सगळी वस्ती काठावर बसून होती. म्हाताऱ्या काळिकेच्या मांडीवर तिची नात निपचित पडली होती. भद्रकाने घाईघाईने पाणी ओढून ओतले, तेव्हा कुठे पोरीने डोळे उघडले.

"आजी, दोर समोर होता. ओढला का नाही?"

"तू येशील म्हणून बसलो रे बाळा," काळिका म्हणाली. "रीत मोडली तर राजा तुलाच जाब विचारील. आमचा तू एकच. तुला कसं गमवायचं?"

भद्रकाला रडू कोसळले. आपली दयाच यांच्या हातांची बेडी झाली, हे त्याला उमगले.

तो तसाच राजाकडे गेला. त्याच्या कामावर प्रसन्न असलेला राजा म्हणाला, "तुला जलाध्यक्ष करतो. छत्र, पालखी, पाणी ओतायला हाताखाली माणसे."

"महाराज, त्यातले काही नको. वस्तीला दोर ओढू द्या."

"वेड्या, मग तुला कोण विचारील?"

"न विचारू देत. पण मला ताप आला म्हणून त्यांचे मूल मरता कामा नये."

राजाला ते पटले. मग त्याने तशी दवंडी पिटवली.

दुसऱ्या दिवशी काळिकेने स्वतः घागर ओढली. सवय नव्हती, अर्धे पाणी सांडले, वस्ती खो खो हसली. भद्रक बाजूला रिकाम्या हातांनी उभा होता.

"असा काय उभा? ओंजळ कर!" काळिका म्हणाली.

तो वाकला आणि तिच्या हातचे पाणी पोटभर प्यायला.

आपल्या पूर्वजन्मीची ही कथा सांगून शास्ता भगवान म्हणाले, "भिक्षूंनो, तो राजा म्हणजे हा आनंद. काळिका म्हणजे मागे बसलेली भिक्षुणी रोहिता. भद्रक मीच होतो. आपल्यावाचून कोणाचे अडू नये असे मनापासून वाटणे, हीच मैत्री-पारमिता, मैत्रीची परिपूर्णता."