महाराजांच्या हातातलं गाणं

चैत्रातला एक साधा मंगळवार होता. पाणी वाहणारी ठकूबाई भर पेठेतल्या चौकात रांजण घासत होती. तेवढ्यात दवंडी आली.

"ऐका हो ऐका! यंदा चौकातल्या गाण्याच्या सात संध्याकाळींना दरबारातून मांडव नाही, जाजम नाही, पाणी नाही!"

तांबट आळीचे हातोडे एकदम थांबले. वर्षभर ठोकाठोक ऐकून किटलेल्या कानांना विसावा मिळे तो एवढ्या सात संध्याकाळीच!

तांबट दरबारात धावले. रणधवल महाराज हटून बसले होते.

"पूल बांधला, त्यावरून चालता येतं. विहीर खणली, पाणी काढता येतं. गाणं संपलं की उरतं काय? परवा सूर्यास्तापर्यंत गाणं माझ्या हातात आणून ठेवा, मग मांडव घाला!"

दुसऱ्या दिवशी एकाने ताटातून तबला नेला.

"हे तर लाकूड आणि कातडं!" महाराज म्हणाले.

दुसऱ्याने तांब्याच्या घागरीत तोंड घालून अख्खी ठुमरी गायली आणि वर घट्ट फडकं बांधलं. महाराजांनी फडकं सोडून आत नाक घातलं.

"गाणं नाही. ताकाचा वास मात्र येतोय!"

तिसऱ्या दिवशी, ऊन कलताना, ठकूबाई गवई केसोपंतांना आणि इमामभाई तबलजींना घेऊन दरबारात उभी राहिली.

"तू?" महाराज हसले. "गाणं आणलंस?"

"आणलंय. पण उतरवून घ्यायला वेळ लागेल. महाराजांनी जरा टेकून बसावं."

केसोपंतांनी सावकाश चीज सुरू केली. महाराजांचे डोळे मिटले. थोड्या वेळाने त्यांचा उजवा हात मांडीवर ताल धरू लागला. टाळी आली, हात पडला. टाळी आली, हात पडला. मग खाली आली. तालात या एका जागी टाळी देत नाहीत, नुसता पंजा उताणा करतात. महाराजांचाही पंजा उताणा झाला.

"थांबा!" ठकूबाई ओरडली. "महाराज, हात तस्साच राहू द्या!"

महाराज दचकले. "का गं? हातात तर काहीच नाही!"

"मग पंजा उताणा कशाला केला?"

"अगं, खाली आली ना!"

"कशाची खाली?"

"गाण्याची! दुसरी कशाची असणार?"

"म्हणजे हाताला गाणं पोचलं. महाराजांनी स्वतः पंजा पसरून घेतलं. मी फक्त उभी होते!"

प्रधानजींनी घाईघाईने उपरण्यात तोंड लपवलं. महाराज आपल्या तळव्याकडे बघतच राहिले.

"पण माझा हात असं करतो, हे तुला कुणी सांगितलं?"

"दर वर्षी पाणी वाटताना बघते की! पुढच्या गादीवर महाराज झोपतात, हात मात्र जागा असतो!"

महाराज इतके हसले, की पागोटं घरंगळून इमामभाईंच्या डग्ग्यावर पडलं!

"घाला मांडव! सातही दिवस! जाजम, पाणी, सगळं द्या! आणि पुढची गादी या बाईला. मी मागे बसेन. झोपलो तर निदान दिसणार तरी नाही!"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गाणं सुरू झालं. आळीतले सगळे तांबट आले, ठकूबाई गादीवर मांडी ठोकून बसली. घाईत मांडवाला मागची कापडी कनात लावायची राहिली होती. ती शेवटपर्यंत लावली गेली नाही, आणि मागे डुलकी घेणारे महाराज अख्ख्या पेठेला दिसत राहिले.