घट्ट आमटी

"म्हणजे पळी कायमची तुझ्याकडे हवी?" दस्तगीरबाबांनी विचारलं.

"मला कशाला... लोकांसाठी," सुभान म्हणाला.

सुभान बाबांचा शिष्य. फार हुशार. हे त्यानंच सगळ्यांना सांगितलं होतं.

बाबांच्या तकियात, म्हणजे त्यांच्या फकिरी मठीत, रोज दुपारी जो येईल त्याला जेवण. वाढायचं कुणी, ते आधी हात वर करून ठरायचं. आज मागवाल्यांची हौसाबाई, उद्या गफूर रंगारी. चाळीस वर्षं असंच.

मग गावातले माग बंद पडले. डाळ महागली. रांग लांबली, आमटी पातळ झाली. मागवाले म्हणायचे, रंगारी आपल्या माणसांना तळातली डाळ वाढतात. रंगारी म्हणायचे, मागवालेच वाढतात. परवा एकाचं डोकं फुटलं. थाळीनं.

"हात वर करून पोट भरतं का, बाबा? पळी एकाच्याच हातात द्या. भांडण खलास."

"लोकांना विचार."

"विचारतो की. रीतसर विचारतो."

त्या दुपारी सुभाननं आठवड्याची डाळ एकदम शिजवली. विचारण्याआधी सगळ्यांना वाढलं. प्रत्येकाची थाळी काठोकाठ, आमटी उकळती. दोन्ही हातांनी धरल्याशिवाय जमेना.

मग तो पातेल्यासमोर उभा राहिला.

"आजपासून पळी माझ्याकडे. पुन्हा विचारणार नाही. ज्याचा विरोध असेल त्यानं हात वर करावा."

...

"चटके बसतायत का गं हौसा?" बाबांनी हळूच विचारलं.

"बसतायत," हौसाबाई थाळीवरची नजर न काढता म्हणाली. "पण दोन महिन्यांनी घट्ट मिळालीय हो."

गफूरनं मान हलवली. दोघांचं बऱ्याच दिवसांनी पटलं.

"बघा बाबा," सुभान म्हणाला. "एकमतानं."

बाबा त्याच्यासमोर आले. हातातली थाळी सोडून दिली.

सुभान एका पायावर नाचायला लागला.

"आई गं... बाबा! सगळी सांडली! आता तुम्ही काय खाणार?"

बाबांचा हात वर होता.

"एक विरोधात," ते म्हणाले. "मोज."

सुभान पाय झटकत राहिला. रांगेतल्या थाळ्यांतून वाफा निघत होत्या...

बाबांनी हात खाली घेतला नाही. तसेच रांगेकडे वळले.

"फरशी पुसायला कोण येतंय? हात वर करा."