कोकराचं कातडं आणि आईचं लुगडं

फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की तेव्हा डोंगरांना अजून नावं पडायची होती, आणि मेंढीशी बोललं तर मेंढी उत्तर देत असे.

एका माळावर मेंढपाळांचा तळ पडला होता. मधे मोकळी जागा, भोवती पालं, आणि कडेला जाळ्यांचं कुंपण. त्यात रात्री मेंढरं कोंडत. चारा संपला की तळ उठे आणि पुढच्या माळावर जाई. कधी उठायचं, कुठं जायचं, कुणाचं लग्न कुणाशी लावायचं, हे सारं म्हातारे ठरवत. म्हातारे दिवसभर एका बाभळीखाली बसून असत. ठरवणं हे त्यांचं काम. करणं बाकीच्यांचं.

त्या तळावर एक मेंढपाळ होता. त्याची बायको तापाने गेली तेव्हा त्यांचा मुलगा नुकता रांगू लागला होता. तिचं किडूकमिडूक रीतीप्रमाणे वाटून टाकलं गेलं. एक वांगी रंगाचं लुगडं तेवढं मेंढपाळाने दिलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायचा, "पोराला पांघरायला होईल."

पहिल्या वर्षी त्या पालात सगळंच चुकत होतं. आंघोळीचं पाणी कढत व्हायचं नाहीतर गार. भाकरी तव्यावर टाकताना दुमडायची. दूध पाजायचं तर बोळा पोराच्या नाकात जायचा. मेंढपाळ चुकत होता आणि शिकत होता. दुसऱ्या वर्षी त्याची भाकरी गोल व्हायला लागली. पोराला घोंगडीच्या झोळीत पाठीशी बांधून तो मेंढरांमागे रानोमाळ हिंडू लागला. पोर पाठीवरून एखाद्या पाखराकडे बोट करून विचारायचं, "बा, ते काय?" आणि बाप वळून न बघताच सांगायचा, "तो भोरडा." पाठीवरचं बोट कुठं वळलंय, हे त्याच्या खांद्याला कळायचं.

पोराचे केस वाढले. बापाकडे मेंढरांची लोकर कातरायची कातर होती. तिनेच त्याने पोराचे केस कापले. एका बाजूला डोकं तुळतुळीत आणि दुसऱ्या बाजूला झुलपं, असं ते ध्यान घेऊन तो बाभळीखालून चालला तेव्हा म्हातारे पोट धरून हसले.

"काय रे गड्या," त्यांचा म्होरक्या म्हणाला, "पोर आहे की मेंढरू?"

"पोरच आहे, आबा," मेंढपाळ म्हणाला. "मेंढरू गप उभं तरी राहतं."

झोपताना ते वांगी लुगडं घडी होऊन दोघांच्या डोक्याखाली येई. काठाशी चाळा करत पोर झोपी जाई. सकाळी पोराचा डोळा आधी उघडे. तेव्हा बाप लुगड्यात तोंड खुपसून झोपलेला असे. मग पोर त्याच्या मिशा ओढी.

"बा, ऊठ. मेंढरं ओरडतात."

"तू नसतास तर मी दुपारपर्यंत घोरत पडलो असतो बघ," बाप म्हणे.

ही थाप होती. मेंढपाळाला कोंबड्याच्याही आधी जाग येई, आणि तो मिशा ओढल्या जायची वाट बघत पडून राही. पोराला मात्र ते खरं वाटे. बाला आपण उठवलं नाही तर तळ उठायचा राहील, अशी काळजी ते पोर मनापासून करी.

पोर असंच मोठं होत गेलं. आता ते दिवसभर स्वतःच्या पायांनी हिंडू लागलं होतं.

मग एक दिवस घात झाला. एक मेंढी विताना अडली. मेंढपाळ गुडघ्यावर बसून तिला सोडवत होता, दोन्ही हात गुंतलेले. तेवढ्यात एका कोकरामागे पळत पोर ओढ्याकडे गेलं आणि पाण्यात उतरलं. पाणी कमरेला लागलं, मग छातीला. पाणी भरायला आलेल्या एका बाईने ते पाहिलं आणि दंडाला धरून त्याला बाहेर ओढलं.

ही बाई म्होरक्याची धाकटी बहीण. तिला मूल झालं नाही म्हणून नवऱ्याने तिला माहेरी आणून सोडलं होतं. ती कमी बोलायची, आणि दुसऱ्यांची लेकरं कडेवर घेताना आधी त्यांच्या आयांकडे बघायची.

पोराला काही झालं नव्हतं. उलट कोकरू पोहतं की नाही, एवढं त्याला बघायचं होतं. पण त्या दुपारी म्हाताऱ्यांनी मेंढपाळाला बाभळीखाली बोलावलं.

"आज वाचलं," एक म्हणाला. "उद्या?"

"बायामाणसाचं काम पुरुषाच्याने होत नाही," दुसरा म्हणाला. "आम्ही इतके पावसाळे पाहिले, आम्हाला माहीत नसेल?"

त्या इतक्या पावसाळ्यांत आपण एकाही पोराला आंघोळ घातलेली नाही, हे त्यांच्यापैकी कुणालाच आठवलं नाही.

म्होरक्याने घसा साफ केला. "ऐक. मेंढीचं कोकरू मेलं, तर आपण त्याचं कातडं सोलतो आणि आईवेगळ्या कोकराला घालतो. मेंढी वास घेते, तिला ते आपलंच वाटतं, आणि ती त्याला पाजते. आपल्या बापजाद्यांची युक्ती आहे. तुझं पोर आईवेगळं. माझी बहीण लेकरावाचून. तिला तुझ्या बायकोचं लुगडं नेसवू. पोर वास घेईल, तिला आई म्हणून धरेल आणि तिच्याकडेच राहील. उद्या सकाळी लुगडं घेऊन ये."

"आणि मी नाही म्हणालो तर?"

"तर आपली मेंढरं वेगळी कर आणि एकट्याने वाट धर. पलीकडच्या रानात लांडगे आहेत."

मेंढपाळ तिथून उठला. त्याला लांडग्यांची भीती होती. पण त्याहून मोठी भीती वेगळीच होती. ओढ्याचं पाणी पोराच्या छातीला लागलं तेव्हा आपण पाठमोरे होतो, हे त्याच्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं. म्हातारे खरंच बोलत असतील तर?

मावळतीला तो मेंढरं कोंडत होता. कळपात फाटक्या कानाची एक म्हातारी मेंढी होती. मागल्या साली तिचं कोकरू मेलं होतं, आणि त्याचं कातडं घालून तिच्याखाली दुसरं कोकरू लावलं होतं. ते आता चांगलं धष्टपुष्ट झालं होतं.

"खरं सांग," मेंढपाळाने तिला विचारलं, "तुला ते तुझंच वाटलं होतं?"

मेंढीने रवंथ थांबवला. "कातडं माझ्या कोकराचं होतं. आतलं दुसरीचं होतं. पहिल्याच हुंगण्यात कळलं."

"मग पाजलंस कशाला?"

"माझी कास ठणकत होती, आणि ते भुकेलं होतं. तुम्ही माणसं आपल्या युक्तीवर फार खूश होता. आम्ही होऊ देतो."

मेंढपाळ खाली बसला. "माझ्या बायकोचं लुगडं उद्या दुसरीला नेसवणार आहेत."

"म्हणजे कातडं कोकराला न घालता मेंढीला घालणार?" मेंढी म्हणाली. "हे मात्र नवीन आहे. तुमच्या म्हाताऱ्यांना मेंढरं राखायला तरी येतात का?"

एवढं बोलून तिने पुन्हा रवंथ सुरू केला. मेंढ्या सल्ला देत नाहीत.

सकाळी मेंढपाळाने पोराला न्हाऊ घातलं, केस विंचरले, आणि त्याचा हात धरून म्होरक्याच्या पालाकडे नेलं. काखेत लुगडं होतं. पोराला त्याने काहीच सांगितलं नाही, कारण काय सांगावं हे त्याला सुचलं नाही. म्होरक्याची बहीण लुगडं घेऊन आत गेली आणि नेसून बाहेर आली. तिची मान खाली होती.

पोराने तिच्याकडे पाहिलं. मग धावत जाऊन लुगड्याच्या निऱ्यांत तोंड लपवलं.

"बघा!" म्होरक्या म्हणाला. बाकीच्या म्हाताऱ्यांनी माना हलवल्या आणि एकमेकांच्या हातावर टाळ्या दिल्या.

मेंढपाळ वळला आणि मेंढरं घेऊन रानात गेला. त्या दिवशी पाठीवर कुणी नव्हतं आणि मागेही कुणी नव्हतं. एक पाखरू त्याच्या समोरून उडालं. सवयीने तो म्हणाला, "तो भोरडा." कुणी विचारलं नव्हतं.

इकडे पोर दिवसभर बाईच्या मागे मागे होतं. ती पाण्याला गेली, ते गेलं. ती दळायला बसली, ते मांडीला टेकून बसलं. एका हाताने त्याने लुगड्याचा पदर घट्ट धरून ठेवला होता. तिने गूळ-भाकरी दिली, ती त्याने दुसऱ्या हाताने खाल्ली. जाता-येता म्हातारे बघत आणि म्हणत, "पदर सोडत नाही बघा! युक्ती ती युक्ती."

दिवस कलला. लांबून मेंढरांची धूळ दिसू लागली. तसं पोर उठून उभं राहिलं.

"मावशी, आता दे."

"काय देऊ?"

"लुगडं. दिवसभर धरून ठेवलंय मी, मळू दिलं नाही. आता बा येईल."

बाईने पदराकडे पाहिलं. "मग? येऊ दे की."

"त्याला लुगड्याबिगर झोप येत नाही," पोराने समजूत घातली. "तू उद्या पुन्हा नेस. पण निजायच्या आधी परत करत जा."

 बाई आत गेली, स्वतःचं हिरवं लुगडं नेसली, आणि वांगी लुगड्याची नीट घडी करून ती पोराच्या दोन्ही हातांवर ठेवली. घडी पोराच्या हनुवटीपर्यंत आली. ते बाभळीखालून चाललं तेव्हा म्हाताऱ्यांना आधी लुगडं दिसलं आणि मग त्याखालचे दोन पाय.

"ए, कुठं निघालास?" म्होरक्याने हटकलं.

"घरी."

"तुझं घर ते. तिकडं, माझ्या बहिणीकडं."

"ते मावशीचं," पोर म्हणालं. "माझं घर बाचं."

म्होरक्याने आवाज मऊ केला. "बरं, लुगडं देऊन ये बापाला. आणि लगेच माघारी फीर. शहाणं पोर ना तू?"

पोर थांबलं. इतक्या मोठ्या माणसाला एवढी साधी गोष्ट कशी कळत नाही, असं त्याच्या तोंडावर दिसत होतं.

"माघारी आलो तर सकाळी बाला उठवेल कोण?" ते म्हणालं. "तुम्ही उठवाल?"

 तोवर मेंढपाळ कळपासह येऊन पोचला होता. हे शेवटचं वाक्य त्याने ऐकलं. त्याने काठी खाली टाकली आणि पोराला लुगड्यासकट उचलून घेतलं.

"खाली ठेव त्याला!" म्होरक्या उठला. "ठरलं ते ठरलं!"

"कुणाचं ठरलं?"

हा आवाज म्होरक्याच्या बहिणीचा होता. तळावर तिचा एवढा मोठा आवाज कुणी कधी ऐकला नव्हता. ती पोराच्या मागोमाग आली होती.

"मला लेकरू हवं होतं, दादा. ते काही मी लपवलेलं नाही. पण मेलेल्या बाईचं लुगडं नेसून तिच्या पोराला फसव, असं मी कधी म्हणाले? तुम्ही मला विचारलंत? याला विचारलंत? त्या पोराला विचारलंत?"

"लहान पोराला काय विचारायचं!"

"त्याला जे कळलं ते तुम्हाला कळलं नाही. दिवसभर त्याने पदर धरला, मला धरून ठेवायचं म्हणून नाही. बापाची वस्तू हरवू नये म्हणून. माझ्याकडे त्याने एकदाही आई म्हणून पाहिलं नाही, आणि मला मावशी म्हणताना एकदाही अडखळला नाही. मावशी हेच खरं, आणि तेवढं मला पुरे."

कळपातून फाटक्या कानाची मेंढी एकदाच ओरडली. तिला काय म्हणायचं होतं हे मेंढपाळ सोडून कुणालाच कळलं नाही, आणि त्याने ते सांगितलं नाही.

म्होरक्या पुन्हा बाभळीच्या मुळावर बसला. त्याच्या बाजूला बसलेल्यांनी एकदम आभाळाकडे बघायला सुरुवात केली, जणू पावसाचा अंदाज घेणं फार निकडीचं होतं. मेंढपाळाची मेंढरं वेगळी करा, असं पुन्हा कुणी म्हणालं नाही.

चारा संपला, तळ उठला. वाटेत मेंढपाळाच्या खांद्यावर पोर होतं आणि पोराच्या खांद्यावर लुगडं. पुढच्या माळावर जेव्हा एखादी मेंढी अडे, तेव्हा मेंढपाळ हाक मारी, "ताई, पोराकडे बघा जरा!" आणि हिरव्या लुगड्यातली मावशी येई. ती पोराला कडेवर घेई, आणि आता आधी कुणाकडे बघत नसे.

पोर मोठं झालं. मिशा ओढायचं वय गेलं, पण बापाला उठवायचं काम त्याने सोडलं नाही. म्हातारे सांगत फिरत, की बापानेच पोराला वाढवावं असं आम्ही तर पहिल्यापासून म्हणत होतो. त्या तळावर आजही आईवेगळ्या कोकराला कातडं घालतात. माणसाला मात्र पुन्हा कुणी घातलं नाही.

बोध: माया कुणाचा वेष चढवून लावता येत नाही, ती रोजच्या हातांनी जडते, मग ते हात बाईचे असोत की पुरुषाचे.